डोंगरउतारावर शेती किंवा घर आहे? लावणीच्या आधी एवढं बघून घ्या

मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्ट्यात ज्यांची नागली-वरईची वरकस जमीन आहे किंवा घर डोंगराला टेकून आहे अशा सगळ्या दादा-ताईंसाठी लिहितोय, राबातली रोपं वर आलीत, एकदा लावणीची घाई सुरू झाली की दरडीचा धोका आहे का म्हणून वर उताराकडे बघायला कुणाला सवड नसते म्हणून आत्ताच.

आपला सह्याद्री लाव्हाचा. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक वाहत येऊन गार झाला आणि त्याचे आडवे थर झाले, पण सगळे थर सारखे नाहीत. काही काळा कातळ, कठीण पण उभ्या भेगांचा, काही जाळीदार जो कुजून मुरूम होतो, आणि बऱ्याच ठिकाणी दोन थरांच्या मधे विटकरी लाल मातीचा पट्टा, घाटात रस्त्यासाठी कडा कापलाय तिथे नीट बघा, दिसेल. पाऊस भेगांतून आत मुरतो, त्या चिकण लाल पट्ट्यावर आला की खाली जायला वाट नाही, मग पाणी आडवं चालतं आणि उतारावर झरा फुटतो. झऱ्याजवळच्या टप्प्यावर वरून आलेली मातीची भर साचते, जमीन चांगली, पाणी हाताशी, म्हणून वाड्याही तिथेच बसल्या. पण चार दिवस धो-धो पडला की झऱ्यातून निघतं त्यापेक्षा जास्त पाणी आत शिरतं, दाब वाढतो, भर जड होते आणि खालच्या कातळावरून सुटते, हीच दरड.

दरडीखाली गेलेली गावं आठवा: माळीण 30 जुलै 2014, तळिये 22 जुलै 2021, इर्शाळवाडी 19 जुलै 2023. तिन्ही जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, ऐन लावणीत.

आता काय करायचं. उतारावर चढून जमिनीला भेग पडलीय का बघा, असेल तर चिकणमाती ठोकून बुजवा आणि वरून येणारं पाणी चर काढून बाजूच्या ओहोळात सोडा. चर थोडा उतरता ठेवा, पाणी अडवून जिरवायचे समपातळीचे चर कमी पावसाच्या भागात छान, आपल्याकडे घराच्या वरच्या उतारावर ते नकोच, शेततळंही नको. खाचर वाढवायला किंवा घर बांधायला उताराचा पायथा उभा कापू नका, ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगराला पायथा कापून खाणी आणि वस्त्या झाल्यात तिथे हीच भीती आहे. झाडं तोडू नका, बांधाला वाळा लावा, मुळं खोल जातात. पण खरं सांगतो, जाड भर पाण्याने भरली की वाळा काय नि झाडं काय, धरून ठेवणार नाहीत.

म्हणून झऱ्यावर रोज नजर हवी. पाणी अचानक गढूळ झालं, आटलं, किंवा नव्या जागी फुटलं, खांब-झाडं कलली, दरवाजे अडकायला लागले तर रात्र असली तरी निघा, तलाठ्यांना आणि जिल्ह्याच्या आपत्ती मदत क्रमांकावर, 1077 वर, कळवा पण उत्तराची वाट बघत थांबू नका. ओहोळाच्या वाटेने खाली पळू नका, आडवं जाऊन उतारापासून लांब व्हा. निघताना गुरांची दावी सोडा. आणि दरड एकदा आली म्हणजे मोकळं झालं असं समजून भांडीकुंडी काढायला लगेच परत जाऊ नका, पाऊस चालू असेपर्यंत वरची सैल माती पुन्हा येऊ शकते.