सायकलने ऑफिसला जायचंय? आधी पार्किंगचं बघा

सायकल गिअरची घ्यावी की बिनगिअरची, यावर महिनाभर डोकं शिणवू नका. हे खूळ डोक्यात शिरलं की आधी ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये सायकल कुठे लावायची ते विचारून घ्या. "सायकलच तर आहे, लावू कुठेतरी" असं मनाशी म्हणू नका. मी म्हटलं होतं. हेल्मेट, दिवे, पंप, सुका कुर्ता सगळं घेऊन मुलुंडहून बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, सव्वा तासात पोचले आणि बेसमेंटच्या तोंडाशी अडकले. "मॅडम, गाडी नंबर बोलो." सायकलला नंबर नसतो हे त्या गार्डलाही कळत होतं, पण हातातल्या टॅबवरचा तो चौकोन भरल्याशिवाय एंट्री पुढे सरकत नव्हती. मागे गाड्यांची रांग, हॉर्न. शेवटी सायकल बाहेरच्या रेलिंगला बांधली. संध्याकाळी पुढचं चाक गायब. क्विक रिलीजचं चाक पान्याशिवाय निघतं, हे मला माहीत होतं आणि चोरालाही.

तर पार्किंग. गेटवरच्या गार्डला विचारून भागत नाही. तो बिचारा हो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसराच उभा असतो. ऑफिसच्या ॲडमिनला मेल टाका, त्यांना बिल्डिंगच्या फॅसिलिटीवाल्यांकडून लेखी उत्तर मागवायला सांगा, आणि ते उत्तर मोबाइलमध्ये ठेवा. विचारताना नुसतं "सायकल चालेल का" असं विचारू नका. जागा नेमकी कुठली, बांधायला खांब किंवा पाइप आहे का, रॅम्पवरून चालवत न्यायची की हातात धरून, रात्री नऊनंतर ते गेट उघडं असतं का, हे सगळं विचारा. गाडी क्रमांकाच्या रकान्यात फ्रेम नंबर द्या. तो बहुतेक सायकलींना पेडलच्या आसाखाली, फ्रेमच्या तळाशी कोरलेला असतो. सायकल उलटी करा, चिखल पुसा, फोटो काढा. चोरी झालीच तर पोलिसांनाही तोच लागतो. उत्तर आलं नाही तर पुन्हा मेल. उत्तर येईपर्यंत सायकल घेऊच नका, असं मी म्हणेन.

रस्ता. मॅप जी सरळ निळी रेघ दाखवतो ती गाडीवाल्यांची. सी लिंकवर आणि कोस्टल रोडवर सायकलला बंदी आहे, तेव्हा पश्चिमेकडून येणाऱ्यांनी ती स्वप्नं सोडावीत. आमच्या बाजूला एलबीएस (लाल बहादूर शास्त्री मार्ग) की ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, असा पेच. हायवे रुंद आणि वेगवान. तिथे खरी भीती फ्लायओव्हरच्या तोंडाशी असते. डावीकडून खाली उतरणारे आणि सरळ वर चढणारे तुमच्या दोन्ही अंगांनी जातात. एलबीएसवर वेग कमी, पण मेट्रो ४ च्या कामाने रस्ता जागोजागी चिंचोळा झालाय, आणि कुर्ल्याजवळ तर बस, रिक्षा, हातगाडी आणि तुम्ही एकाच पट्ट्यात. तरी मी एलबीएसच घेते. ताशी १५ किलोमीटरने चाललेली रिक्षा मला ८० ने जाणाऱ्या डंपरपेक्षा परवडते.

तालीम रविवारी करू नका. रविवारची मुंबई वेगळं शहर असतं. कामाच्या दिवशी, खऱ्या वेळेला, एकदा तरी जाऊन या, आणि तेव्हा पार्किंगच्या गेटपर्यंत जा, त्या मेलसकट. नुसतं बिल्डिंग बघून परत फिरू नका. गेटमधून आत, जागेवर, कुलूप लावून, मग बाहेर. बाहेर पडतानाही अडवतात, हे कोणी सांगत नाही.

चालवताना रस्त्याच्या अगदी कडेला चिकटू नका. कडेला गटाराच्या जाळ्या असतात, काहींचे गज रस्त्याच्या दिशेनेच लावलेले, त्यात बारीक टायर अडकतो. पेव्हर ब्लॉक खचलेले असतात. काँक्रीटच्या रस्त्यावर दोन पट्ट्यांमधली फटही तशीच, ती तिरकी ओलांडायची, तिच्याबरोबर चालायचं नाही. उभ्या टॅक्सीपासून हातभर नाही, दार उघडलं तरी लागणार नाही इतकं लांब राहा. थांब्यावर उभ्या बेस्टच्या बसच्या डावीकडून कधीच घुसू नका, लोक तिकडेच उतरतात. हेल्मेट घाला. यावर वाद नको.

घाम. थंडीत, म्हणजे आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत, सुरुवात केली तर निम्मा त्रास वाचतो. ऑक्टोबरमध्ये सुरू करणाऱ्यांना माझा नमस्कार. सायकलवर वारा असतो, त्यामुळे खरा घाम पोचल्यावर, थांबल्यावर फुटतो. म्हणून वीस मिनिटं आधी पोचा, पंख्याखाली नुसते बसा, मगच कपडे बदला. लगेच बदललेत तर दुसरा कुर्ताही भिजतो. ओला टॉवेल, कोरडा टॉवेल, कंगवा, आतले कपडे (हो, तेही), बुटांचा दुसरा जोड ऑफिसात ठेवा. कपडे सोमवारी लोकलने आठवड्याचे नेऊन ठेवले की रोजची बॅग हलकी होते. पाठीवर सॅक नको, पाठ चिंब होते. कॅरियरला लावायची बॅग घ्या. डबा त्यात उभा राहतो का बघा. माझा आडवा झाला आणि आमटी चार्जरवर.

बिल्डिंगमध्ये शॉवर असेल तर उत्तम, आणि त्यासाठी ज्यांना मेल टाकाल त्यांनाच पार्किंगचंही विचारा. विचारलंत ना? नक्की?

आता सायकल. घरी आहे ती चालेल, फक्त मेकॅनिककडून ब्रेक, केबल आणि चेन बघून घ्या. सीट इतकी उंच हवी की खालच्या पेडलवर पाय जवळजवळ सरळ होतो. बहुतेक लोक ती फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखले की सायकलला शिव्या घालतात. व्हॉल्व कुठला आहे ते बघा. मोटरसायकलसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक, वर छोटा स्क्रू असलेला प्रेस्टा असेल तर रस्त्यावरचा पंक्चरवाला हात वर करतो. त्यासाठी पितळी ॲडॉप्टर मिळतो, अगदी स्वस्त, तो व्हॉल्ववरच चढवून ठेवा. एक जादा ट्यूब, टायर लिव्हर (रिमवरून टायर उचकटायची पट्टी) आणि छोटा पंप बाळगा. घरी एकदा चाक काढून ट्यूब बदलून बघा, विक्रोळीच्या सिग्नलवर शिकायला बसू नका.

कुलपात कंजूषी नको. केबलचं कुलूप कटरने सहज तुटतं. यू-लॉक, म्हणजे यू आकाराच्या जाड लोखंडी दांड्याचं कुलूप, घ्या आणि मागचं चाक व फ्रेम दोन्ही एकत्र अडकवा. पुढच्या चाकाचं क्विक रिलीज काढून साधा नट बसवा. गार्ड आहे, सीसीटीव्ही आहे, तरी बसवा.

दिवे: पुढे पांढरा, मागे लाल. सकाळी लागत नाहीत म्हणून घरी राहतात, आणि परतताना अंधार असतो. ऑफिसात चार्जिंगला लावा आणि उतरल्यावर काढून खिशात.

पहिल्या आठवड्यात रोज जाऊ नका. एक दिवस सायकल, एक दिवस लोकल. सायकलवर बसायची सवय पायांआधी बुडाला लागावी लागते.

पाऊस. जूनच्या आधी मडगार्ड. चेनला पावसाळी तेल, भिजून आल्यावर फडक्याने पुसून पुन्हा तेल, नाहीतर दोन दिवसांत तांबूस. ब्रेक पॅड चिखलाने लवकर झिजतात. मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा आणि झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे ओले झाले की त्यावर ब्रेक मारायचा नाही, वळायचं नाही. साचलेल्या पाण्यात सायकल घालू नका, खाली मॅनहोल उघडं आहे की नाही ते दिसत नाही. जोराचा पाऊस असेल तर सरळ लोकल. आणि बेसमेंटमध्ये पाणी भरतं का, तेही पार्किंगवाल्यांना आत्ताच विचारून ठेवा.

लोकलचा पास इतक्यात बंद करू नका.