व्हिलेज बर्गंडी रेड: कुठलं गाव भारी, हा वाद घरच्या घरी कसा मिटवायचा

बर्गंडी हा फ्रान्समधला वाईनचा भाग, आणि तिथल्या गावांपैकी जेव्रे की शाम्बोल, व्होलने की पोमार, हा वाद वाईनवाल्या मंडळींत सारखा पेटत असतो आणि गंमत म्हणजे भांडणारा प्रत्येक जण वेगळ्याच बाटलीबद्दल बोलत असतो. एकाने 2018 ची जेव्रे प्यायलेली, दुसऱ्याने 2021 ची व्होलने, प्रोड्युसर वेगळा, एकाने रेस्टॉरंटमध्ये कोमट झालेली तर दुसऱ्याने घरी नीट थंड करून. मग यात गावाचा संबंध आला कुठे? वाद घालायचाच असेल तर चार बाटल्या आणा, प्रोड्युसर एकच, वर्ष एकच, गावं तेवढी वेगळी. बाकी सगळं त्यानंतर.

आधी व्हिलेज म्हणजे काय ते पटकन. सगळ्यात खाली साधी बूर्गोन्य, म्हणजे बर्गंडीचंच फ्रेंच नाव, मग व्हिलेज म्हणजे लेबलवर गावाचं नाव, त्यावर प्रमिए क्रू आणि टोकाला ग्राँ क्रू. द्राक्षाची जात जवळपास सगळीकडे पिनो न्वारच, म्हणजे फरक पडतो तो जमीन, उतार आणि बनवणाऱ्याचा. द्यिजाँ शहरापासून दक्षिणेला साधारण 50 किलोमीटर हा कोत द'ओरचा पट्टा, पश्चिमेला टेकडी आणि पूर्वेला सपाटी. उताराच्या मधल्या भागात पाणीही साचत नाही आणि ऊनही नीट मिळतं, ती जागा क्रूवाल्यांनी घेतलेली. व्हिलेजची वावरं बहुतेक खाली रस्त्याच्या बाजूला, काही वर जिथे माती पातळ आणि थंडी जास्त. तो रस्ता म्हणजे डी 974, जुन्या लोकांच्या तोंडी अजून एन 74 च. ढोबळ नियम असा की रस्त्याच्या पलीकडे गेलात की साधी बूर्गोन्य. जेव्रेला मात्र याला मोठा अपवाद आहे, कारण तिथल्या कोंब लाव्होच्या घळीतून हजारो वर्षं खडी-दगड वाहून आलेत आणि पंख्यासारखे रस्त्यापलीकडे पसरलेत, त्यामुळे पलीकडच्या ला जुस्तीससारख्या जागेतूनही चांगली व्हिलेज वाईन येते. नकाशा बघून नाक मुरडणाऱ्यांनी ही जागा एकदा पिऊन बघावी.

आता लेबल, कारण पैसे इथेच बुडतात. जेव्रे गावाने 1847 मध्ये आपल्या सगळ्यात नामांकित मळ्याचं नाव, शाम्बरतां, आपल्या नावाला जोडून घेतलं, मग शेजारच्या गावांनीही तेच केलं. शाम्बोलने म्युझिनी, व्होनने रोमाने, न्यूईने सां-जॉर्ज. परिणाम काय, तर नुसतं 'शाम्बरतां' लिहिलेली बाटली ग्राँ क्रू आणि 'जेव्रे-शाम्बरतां' लिहिलेली व्हिलेज, दोघींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, आणि नवखा माणूस मोठं नाव बघून खूश. गावाच्या खाली बारीक अक्षरात आणखी एखादं नाव असेल पण 'प्रमिए क्रू' किंवा '1 एर क्रू' असं कुठेच नसेल, तर ते त्या वावराचं नाव, वाईन व्हिलेजच. अशा बाटल्या मला आवडतात, थोडे जास्त पैसे लागतात पण एका जागेची चव मिळते. आपल्या टेस्टिंगसाठी मात्र त्या नकोत, नुसत्या गावाच्या घ्या.

प्रोड्युसर एकच का, ते सांगतो. मोरे-सां-दनी गावचं दोमेन द्युजाक देठासकट अख्खे घड आंबवण्यासाठी ओळखलं जातं. व्होन-रोमानेचे आंरी जेये, 2006 ला गेले, ते देठ पूर्ण काढून टाकायचे. पिनो तोच, पण देठ असले की मसाल्याचा, वाळक्या पाल्यासारखा वास येतो आणि नसले की फळ पुढे येतं. मग तुम्ही एकाची मोरे आणि दुसऱ्याची व्होन शेजारी ठेवून म्हणालात की मोरे जास्त मसालेदार असते, तर तुम्ही गावाबद्दल काहीच बोलला नाहीत, देठाबद्दल बोललात! म्हणून ज्यांच्याकडे बऱ्याच गावांच्या बाटल्या असतात अशा मोठ्या मेझाँकडे, म्हणजे वाईनच्या मोठ्या कंपन्यांकडे जा, लुई जादो, जोसेफ द्रुआँ, फेव्हले वगैरे. हे लोक काही द्राक्षं स्वतःच्या मळ्यातली वापरतात, काही विकत घेतात, आणि वाईनचे कट्टर लोक यांना जरा नाक मुरडतात. पण आपल्याला इथे ग्रेट बाटली नकोय, एका हाताची चार गावं हवीत, आणि त्या कामाला हे उत्तम. दोमेन म्हणजे स्वतःच्या मळ्यातली द्राक्षं स्वतःच बनवणारे, त्यांच्याकडे बऱ्याचदा शेजारशेजारची दोन-तीनच गावं असतात.

वर्षाचं बघा. 2018 आणि 2020 गरम वर्षं, 2020 ला तर तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. अशा वर्षी सगळीकडे फळ पिकलेलं, गोडसर, गावं एकमेकांत मिसळतात असं माझं मत. 2021 च्या एप्रिलमध्ये हिमाने मळे जाळले, वाईन कमी आणि हलकी झाली, पण गावांमधला फरक त्यात छान दिसतो. 2017 सोपं वर्ष, आत्ता प्यायला तयार. 2021 किंवा 2017 मिळालं तर तेच घ्या.

गावं कुठली? माझी चौकडी म्हणजे जेव्रे, शाम्बोल, पोमार, व्होलने. दोन उत्तरेची, दोन दक्षिणेची, आणि दोन्ही जोड्यांत एक दणकट, एक नाजूक. शाम्बोलला चुनखडी भरपूर आणि चिकणमाती कमी, म्हणून वाईन हलकी, फुलांसारखा वास. जेव्रे गडद, अंगाने भरलेली, जराशी मातकट. पोमारला चिकणमाती आणि लोह, तोंड आवळून धरते, घाई केली तर रागावल्यासारखी वाटते. लगेच शेजारच्या व्होलनेत तोच पिनो रेशमासारखा, म्हणजे पायी जाण्याच्या अंतरात एवढा फरक. व्होन मी मुद्दाम घेत नाही, वास अप्रतिम असतो पण तिथल्या ग्राँ क्रूंच्या दबदब्यामुळे व्हिलेजचाही भाव असा चढलाय की बऱ्याच बाटल्यांना नाव मोठं लक्षण खोटं म्हणावं लागतं. न्यूईचा वेगळाच घोळ, शहराच्या उत्तरेची बाजू व्होनकडे झुकणारी, दक्षिणेची रांगडी, लेबलवर ते लिहिलेलं नसतं, म्हणजे तुमच्या नशिबात काय येईल ते. खिसा हलका असेल तर हाच खेळ मार्साने, साव्हिन्यी, सांतने आणि कोत द'ओरच्या दक्षिणेच्या कोत शालोनेझमधली मर्क्युरे घेऊन करा, बऱ्याचदा निम्म्या पैशात होतो आणि मजा तेवढीच येते.

आता प्रत्यक्ष दिवस. एका बाटलीत 750 मिली, सहा ते आठ लोकांत प्रत्येकाला व्यवस्थित पुरते, त्याहून जास्त माणसं बोलवू नका. बाटल्या अॅल्युमिनियम फॉइलमध्ये मानेपर्यंत गुंडाळा, 1 ते 4 नंबर टाका, आणि हे काम अशा माणसाकडे द्या जो त्या दिवशी वाद घालणार नाही. बूच उघडल्या उघडल्या त्याने प्रत्येकीचा वास घ्यायचा. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा कुबट वास आला तर ती बाटली बुचाने बिघडलेली, बाजूला ठेवा, नाहीतर बिचारी पोमार विनाकारण शेवटची येते. तापमान 14 ते 16 डिग्री. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात 'रूम टेम्परेचर' हा शब्दच विसरा, दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवा आणि थोडी थोडी ओता, ग्लासात ती गरम होतेच. ग्लास पोटाला रुंद, सगळ्यांना सारखेच. डिकँटरची गरज नाही. खायला साधा पाव आणि पाणी, चिवडा-फरसाण लांब, तिखटाने जीभ एकदा पेटली की पिनोचं काहीच कळत नाही. तांबडा रस्सा नंतर, बिअरबरोबर.

आणि पहिल्या घोटावर निकाल लावू नका, शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. चारही ग्लास समोर ठेवून अर्धा तास फिरत राहा, मार्क तेव्हा लिहा, तासाभराने परत लिहा. सुरुवातीला शाम्बोल आणि व्होलने सगळ्यांना जिंकतात कारण वास लगेच येतो, मग जेव्रे हळूहळू उघडते आणि मार्क बदलायला लागतात. उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चाखा, पोमार तर बऱ्याचदा तेव्हाच बोलायला लागते. फॉइल सगळ्यांचे आकडे लिहून झाल्यावरच काढायचं, आधी नाही, कारण लेबल दिसलं की लोकांची जीभ फिरते, माझीही फिरते.

माझं मत विचाराल तर घाई नसेल आणि बाटली सात-आठ वर्षं जुनी असेल तर जेव्रे. आजच उघडायची असेल तर व्होलने, त्या गावात ग्राँ क्रू नाही त्यामुळे नावाचा भाव जरा कमी चढलाय आणि नवी असतानाही प्यायला बरी लागते. पैसे जपून प्यायची असेल तर साव्हिन्यी, आणि यावर कोणाला भांडायचं असेल तर अवश्य, पण फॉइल घेऊन या.

भारतात इम्पोर्टेड बाटलीवर कस्टम आणि राज्याचा कर लागून किंमत डोळे पांढरे करते, तेव्हा युरोपातून कोणी येत असेल तर त्यालाच सांगा. माणशी 2 लिटर दारू ड्युटी न भरता आणता येते, म्हणजे दोन बाटल्या आरामात. एकाच प्रोड्युसरची, एकाच वर्षाची जेव्रे आणि व्होलने मागवा. दोन जण येत असतील तर दुसऱ्याला शाम्बोल आणि पोमार सांगा, आणि दोघांनाही मेसेजमध्ये प्रोड्युसर आणि वर्ष कॅपिटलमध्ये लिहून पाठवा. चेक-इनच्या बॅगेत जाड मोज्यांत गुंडाळून ठेवायच्या, आल्यावर आठवडाभर थंड अंधाऱ्या जागी आडव्या ठेवून द्यायच्या आणि मगच मंडळींना बोलवायचं.