शाकारणीची सुई: छपरावर चढण्याआधी हे वाचा

शाकारणीच्या, म्हणजे गवतानं छप्पर घालण्याच्या, कामाला मुंबईत वाव आहे का, हे विचारायची गरज नाही. गोराई-मनोरीकडची रिसॉर्टं, हॉटेलांच्या गच्च्या, गोरेगावच्या चित्रनगरीतले गावाचे सेट, सगळीकडे गवताची नि झापांची छपरं लागतात. पण सेटचं छप्पर कॅमेऱ्याला दिसलं की झालं, रिसॉर्टचं छप्पर पाऊस झेलतं. सेटवर हात बसलेला माणूस थेट रिसॉर्टचं काम उचलतो आणि जूनमध्ये तोंडघशी पडतो. पेंढी बांधणं, रिपा (बांबूच्या आडव्या पट्ट्या) ठोकणं तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहितोय.

कोयता आणि विळा यांवर फार बोलत नाही. गवताला दातेरी विळा, बांबूला जाड पाठीचा कोयता. रिपा फाडताना फाट एका बाजूला पळाली तर कोयता जोरात हाणू नका. जी बाजू जाड राहिली आहे ती वाकवा, फाट आपसूक मध्यावर येते. कोयता कमरेच्या आकडीलाच अडकवा. छपरावर ‘जरा बाजूला’ ठेवलेला कोयता खालच्याच्या डोक्यावर येतो.

फणी मात्र हवीच. फळीवर ४ इंची खिळ्यांची ओळ ठोकली की झाली फणी. प्रत्येक पेंढी तिच्यातून दोनदा ओढा. पाती आणि आखूड काड्या गळून पडल्या पाहिजेत, कारण तेच पाणी धरतात आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. हे काम कंटाळवाणं आहे आणि नवे लोक नेमकं हेच टाळतात.

आता सुई. मला दोन पावसाळे रडवलं ते हिनं, म्हणून इथे जरा पाल्हाळ लावतो.

नागदेवी स्ट्रीटला जाऊन दाभण मागाल तर पोती शिवायचं वीतभर दाभण हातात पडेल. ते इथे कामाचं नाही. गवताचा थर दाबून ८ इंच आणि उतार ४५ अंशांचा असेल, तर आडवी शिरलेली सुई ११ इंचांहून जास्त वाट कापते. पुढे टोक बाहेर यायला हवं, मागे धरायला जागा हवी. म्हणजे दीड फुटाची सुई लागतेच. एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ६ मिलिमीटरची सळई टोकाला चपटी करून घ्या. नेढं टोकाजवळ हवं, शिलाई मशीनच्या सुईसारखं, कारण दोरी काढून घेणारा माणूस आत उभा असतो. नेढ्याची कड बारीक गोल कानशीनं घासा. नाही घासलीत तर चार टाक्यांत सुंभ विसविशीत होतो.

टाका असा: रिपेच्या वरून सुई आत, आतला माणूस दोरी सोडवून घेतो, सुई बाहेर, मग रिपेच्या खालून पुन्हा आत, तो दोरी ओवतो, तुम्ही ओढून गाठ मारता. इथवर कुणालाही जमतं. घात होतो तो कोनात. उतरत्या छपरावर बसलात की हात आपोआप छपराला काटकोनात सुई खुपसतो. ते सरळ वाटतं, पण छप्पर तिरकं आहे. छपराला काटकोनात गेलेली सुई आत जाताना खाली उतरते. म्हणजे दोरीचं आतलं टोक खाली, बाहेरचं वर. पाणी छिद्रातून गळत नाही, दोरीच्या अंगावरून सरकत आत येतं आणि आतल्या वेढ्याशी थेंब धरतं. वरून शोधाल तर काही सापडणार नाही. छिद्रात डांबर भरणं, वर प्लास्टिक टाकणं हे सगळं व्यर्थ. ते करणारे मिस्त्री पैसे घेऊन पुढच्या कामाला गेलेले असतात.

सुई जमिनीशी आडवी, किंवा टोक बोटभर वर, अशीच गेली पाहिजे. अंदाजावर राहू नका. पहिले पन्नास टाके सुईच्या दांड्यावर गवंड्याची छोटी पाणसळ टेकवून घाला. वरचे लोक हसतील, हसू द्या. मधल्या थरांत चूक झाली तरी पुढचा थर टाक्यावर वीतभर येतो म्हणून निभावतं. आढ्यापाशी, छपराच्या माथ्यावर, मात्र टाका उघडा राहतो, तिथे माफी नाही.

घाबरू नका, हा कोन हाताला लागतो. लवकर लावून घ्यायचा असेल तर आधी आत उभे राहा. नवख्याला पहिला महिना आत उभं करणारा उस्ताद तुम्हाला राबवतोय असं वाटेल. तो शिकवतोय. टोक कुठे निघतं हे वरच्याला कधीच दिसत नाही.

व्हिडिओ बघून थापी मागवणाऱ्यांसाठी: खाचा पाडलेली ती थापी इंग्लंडात नळ नावाच्या पाणगवताच्या ताठ बुंध्यांना ठोकून वर सारायला वापरतात. तिथेही लांब पेंढ्याच्या छपरावर ती चालवत नाहीत, दाताळं फिरवतात. आपल्या मऊ गवतावर ती आपटलीत तर काड्या चेचतात, बाकी काही होत नाही.

दोरी सुंभाचीच. नायलॉनची गाठ सरकते आणि ऊन ती खातं. गोराईसारख्या खाऱ्या हवेत तार गंजते, सेटवर ती लाइटमध्ये चमकते.

कोन सुईचा पाळलात आणि छपराचा सोडलात तर उपयोग शून्य. खोली १० फूट रुंद असेल तर भिंतीच्या माथ्यापासून आढं ५ फूट वर हवं. मालक ‘जरा बुटकं करा, समुद्र झाकला जातो’ म्हणतील. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. बुटकं छप्पर हवं असेल तर त्यांनी पत्रे घालावेत.

काम संपलं की झारीनं आढ्याकडून अर्धा तास पाणी सोडा आणि स्वतः आत जाऊन दोरीचे वेढे चाचपा. सुई पुसून तेलाचं बोट फिरवा, मुठीला लाल चिंधी बांधा. गवतात पडलेली सुई डोळ्यांना दिसत नाही, पायाला लागते.