चार घरचा पाहुणा

दोन घरचा पाहुणा उपाशी, असं म्हणतात. आमचा बोका माणकू चार घरचा पाहुणा आणि वजन ५ किलो ८०० ग्रॅम! दीड वर्षापूर्वी नसबंदी केली तेव्हा साडेचार होता. मी तर दोनच वेळ जेवायला घालत होते, मग हे अंग धरलं कशावर?

आधी ती खरंच चरबी आहे ना, ते बघा. बरगड्यांवरून हलकेच बोटं फिरवा. आपल्या तळहाताच्या पाठीवरची हाडं लागतात तशा त्या लागायला हव्यात. माणकूच्या शोधाव्या लागत होत्या. पण पोट एकाएकी फुगलंय आणि पाठीचा कणा मात्र हाताला टोचतोय, तर थांबू नका, डॉक्टर गाठा. पोटात पाणी झालेलं असू शकतं, जंत असू शकतात. मांजरी असेल तर पिल्लंही असतील.

डॉक्टरांनी तपासलं, दुसरं काही निघालं नाही. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज कमी होते, हे मला तिथे कळलं. मी जुन्याच वाटीने घालत होते. ती वाटी घरी येऊन काट्यावर ठेवली तर कोरडं खाणं ५० ग्रॅम! दोन वेळचं १००, म्हणजे साधारण पावणेचारशे कॅलरी. त्याला दोनशेच्या आत पुरतं.

आणि बाहेरचं वेगळंच. गोव्यात फोंड्याला आमच्या वाड्यावर कुंपणं नावापुरती. मी त्याच्या गळ्यात ओढ बसली की सुटणारा पट्टा बांधला आणि त्याला चिठ्ठी: 'मला जेवायला घालत असाल तर एक फुली मारा.' तीन दिवसांत तीन वेगवेगळ्या पेनांच्या फुल्या. एकीकडे दूध, एकीकडे हुमणातला, म्हणजे माशाच्या कालवणातला भात, आणि सकाळी स्कूटरवर येणाऱ्या मासळीवाल्याकडून दोन तारले. विचारायला गेले तर प्रत्येकीचं एकच, "मी इल्लेंसोच (थोडंसंच) देते गो!"

भांडून उपयोग नाही, शेजार तोडायचा नसतो. मी त्याचं कोरडं खाणं रोजच्या १०० वरून ४० ग्रॅमांवर आणलं आणि त्यातलेच पाच-पाच ग्रॅम डब्यांत भरून दोन्ही घरी दिले. लाड त्यांचे, माप माझं. मासळीवाल्याला मात्र हात जोडले.

मासळी तोडलेली नाही. गोव्यातल्या बोक्याला तो अन्याय होईल. रोज २० ग्रॅम बांगडा, बिनमिठाचा उकडून, काटे काढून. तळलेला नाही, हुमणातला नाही. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात तेव्हा घरोघरी सुके बांगडे आणि गालमो (सुकी बारीक कोळंबी) निघतो. तो खारट, मांजराला नकोच. दूधही बंद, मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही.

एक चूक करू नका: उपाशी ठेवू नका. मीही पहिल्या दिवशी तोच विचार केला होता. लठ्ठ मांजर दोन दिवस खाल्ल्याशिवाय राहिलं तर चरबी यकृतात साचते, त्यात जीवही जातो. नवीन खाणं दिलं आणि तोंड लावलं नाही, तर जुनंच द्या आणि आठवडाभरात हळूहळू बदला.

वजन दर रविवारी, जेवणाआधी. माणसांच्या काट्यावर ५० ग्रॅमांचा फरक कळत नाही. मी त्याला टोपलीत बसवून सामान तोलायच्या हुकाच्या काट्याला टांगते आणि टोपलीचं वजन वजा करते. आठवड्याला शरीराच्या एक टक्का, म्हणजे त्याचे ५०-६० ग्रॅम, उतरले की पुरे. त्याहून दुप्पट वेगाने उतरू लागलं तर खाणं वाढवा. साडेचारवर यायला पाच-सहा महिने लागणार हे धरूनच चाला.

चौथा महिना चालू आहे. काटा ५ किलो १०० दाखवतो. मासळीच्या स्कूटरचा हॉर्न वाजला की अजून दगडी गडग्यावर चढून बसतो. आता उडी एका दमात जाते, मागून ढकलावं लागत नाही.