किल्ल्यावर लहान-मोठे मावळे एकत्र मांडताना

रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर उंच. बाजारात मिळणाऱ्या तीन इंची मावळ्याच्या मापाने तो बांधायचा म्हटलं तर अंगणात 37 मीटरचा डोंगर उभा करावा लागेल. म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यात डोंगर आणि माणसं कधीच एका मापाची नसतात, आणि ते कुणाला खटकतही नाही. खटकतं ते दुसरंच: दरवाजापेक्षा उंच पहारेकरी, मांडीपर्यंत येणाऱ्या पायऱ्या, एकाच ओळीत सहा आणि सात सेंटीमीटरचे भालदार. डोळा अख्खा किल्ला मोजत बसत नाही, शेजारच्या दोन वस्तू ताडून पाहतो. दरवर्षीची साठलेली, वेगवेगळ्या दुकानांतून आणलेली चित्रं, म्हणजे मातीची-प्लास्टिकची माणसं, एकत्र मांडताना सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी मोजणी

सगळी चित्रं ओळीने उभी करा आणि पट्टीने टाचेपासून डोळ्यांपर्यंत मोजा. पगडी, जिरेटोप, भाला धरू नका. त्यांनीच फसगत होते. डोळ्यांपर्यंत 70 मिमी भरलं तर माणूस 75 मिमीचा समजा. माप पायाखाली खडूने लिहून ठेवा.

उंचीत दहा टक्क्यांपर्यंत फरक असेल, म्हणजे 60 आणि 65 मिमी, तर ती दोन चित्रं खुशाल शेजारी ठेवा. माणसं उंच-बुटकी असतातच. सर्वांत वाईट दिसतो तो दहा ते पंचवीस टक्क्यांचा फरक: उंच-बुटका म्हणून खपत नाही आणि मुद्दाम केलाय असंही वाटत नाही. अशा जोड्या फोडाच.

उंची जुळली तरी एक खोच राहते. मातीच्या चित्रांचं डोकं बहुधा मोठं असतं, उंचीच्या जवळपास पाचवा भाग. प्लास्टिकच्या सैनिकांचं सातवा भाग किंवा त्याहून लहान. दोघं खांद्याला खांदा लावून उभे केले तर उंची मिलिमीटरपर्यंत जुळूनही एक जण लहान मूल वाटतो. मातीची चित्रं एका पहाऱ्यावर, प्लास्टिकची दुसऱ्या, आणि मध्ये बुरूज, असं करा.

तीन थर

किल्ला भिंतीला किंवा कोपऱ्याला टेकून असेल तर मापांमधला फरक कामाला लावता येतो. पायथ्याशी मोठी चित्रं, माचीवर (डोंगराच्या मधल्या सपाट टप्प्यावर) मधली, बालेकिल्ल्यावर (सर्वांत वरच्या भागात) सर्वांत लहान. तीन फूट खोलीचा किल्ला मग बराच खोल भासतो. चारी बाजूंनी फिरून पाहण्याचा किल्ला असेल तर हा खटाटोप करू नका. मागून पाहणाऱ्याला सगळं उलटं दिसेल. तिथे मधलं एकच माप निवडा.

चार फूट रुंद, तीन फूट खोल किल्ल्यासाठी ही मापं धरा:

पायथा: माणूस 75 मिमी, पायरी 9 मिमी, महादरवाजा 150 ते 190 मिमी, वाट 12 सेंमी रुंद.
माची: माणूस 60 मिमी, पायरी 7 मिमी, दरवाजा 120 ते 150 मिमी, वाट साडेनऊ सेंमी.
बालेकिल्ला: माणूस 45 मिमी, पायरी 5 ते 6 मिमी, दरवाजा 90 ते 110 मिमी, वाट 7 सेंमी.

हिशोब सोपा आहे. पायरी माणसाच्या आठव्या भागाइतकी, महादरवाजा माणसाच्या दुप्पट ते अडीचपट. दिंडी दरवाजा (मोठ्या दारातलं लहान दार) मात्र माणसापेक्षा बुटका ठेवा, त्यातून वाकूनच जायचं असतं. सगळ्यांत जास्त चूक पायऱ्यांमध्ये होते. विटेच्या तुकड्यांनी केलेली 25 मिमीची पायरी 60 मिमीच्या मावळ्याला दीड हात उंचीची होते. बारीक पायऱ्यांसाठी चाळलेली माती फेव्हिकॉल घातलेल्या पाण्यात मळा (एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी), उतारावर थापा आणि ओली असतानाच स्टीलच्या पट्टीची कड दाबत खालून वर जा. न चाळलेल्या मातीत खडा मध्ये येतो आणि पायरी तुटते.

एका थरातून दुसऱ्या थरात जाताना मध्ये काहीतरी आडवं हवं: तटबंदी, कडा, झाडी. 75 चा आणि 60 चा मावळा एकाच उघड्या वाटेवर मागे-पुढे दिसले की सोंग उघडं पडतं.

महाराजांची मूर्ती

ती सर्वांत मोठी आणि सर्वांत वर असते. हे माप चुकलेलं नाही, तो मान आहे, आणि तो तसाच राहावा. फक्त मोठेपणा अर्धवट नको. शेजारच्या सेवकांपेक्षा मूर्ती किमान दीडपट असू द्या. सव्वापट असली तर मापातली गफलत वाटते. सिंहासन, चौथरा आणि मागची महिरप मूर्तीच्याच मापाने करा, आणि भोवती 25 ते 30 सेंमी मोकळी सदर (दरबाराची जागा) ठेवा. तिथे दरवाजा, पायऱ्या, लहान मावळे नकोत. जागा कमी असेल तर सदर किल्ल्याच्या अंगापासून जरा वेगळी, स्वतंत्र चौथऱ्यावर घ्या.

घोडे, तोफा, भांडी

मराठ्यांचा भीमथडी घोडा बुटका आणि काटक, खांद्यापाशी साधारण 130 सेंमी. त्या हिशोबाने 60 मिमीच्या मावळ्याला 47 मिमी खांद्याचा घोडा पुरतो. खेळण्यांतले घोडे बहुधा उंच जातींवर बेतलेले असतात, ते त्याच मापात 58 मिमीपर्यंत जातात. म्हणून मोकळा घोडा एक माप लहान संचातून घ्या. स्वार आणि घोडा एकाच साच्यातले असतील तर स्वार मोजा.

तोफेचं सोपं आहे, कारण खऱ्या तोफाच नाना आकाराच्या होत्या. जंजिऱ्याची कलालबांगडी आठवा. मोठी नळी बुरुजावर चालते, चुगली करतं ते चाक. चाक काढून नळी मातीच्या बैठकीवर ठेवा.

चुकीच्या मापाच्या वस्तूला दुसरं नाव देता येतं. भातुकलीतला चार सेंटीमीटरचा हंडा 60 मिमीच्या मावळ्याशेजारी हंडा म्हणून अशक्य, पण धान्याचा रांजण म्हणून अंबरखान्यात शोभतो. पणती जमिनीत पुरली की पाण्याचं टाकं होतं. वाघ मोठाच मिळतो. त्याला पायथ्याच्या गुहेत, अंधारात बसवा, आसपास वीतभर माणूस ठेवू नका.

पाच-सात मिलिमीटरचा फरक लपवायचा असेल तर उंच मावळ्याचे पाय चाळलेल्या मातीत तेवढे बुडवा, बुटक्याला दगडावर चढवा. चर्येमागे (तटाच्या माथ्यावरच्या कठड्यामागे) छातीपर्यंत झाकलेल्या पहारेकऱ्याचं माप कुणालाच कळत नाही. प्लास्टिकची हिरवी बैठक मात्र मातीने झाकायला विसरू नका.

हिरवळ आणि रंग

अळीव पाच-सहा दिवसांत तीन-चार सेंमी वाढतं. पायथ्याला ते गवत दिसतं, बालेकिल्ल्यावर 45 मिमीचा मावळा त्यात बुडतो. वरच्या थरात अळीव पेरू नका. हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा चाळून भुरभुरवा. माचीवर पेरलं तर रोज कात्रीने एक सेंमीवर कापा. झाडांना तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या वापरा. पानाचा आकार बारीक असला की डहाळी झाड वाटते. मेंदीची फांदी पायथ्यालाच बरी.

चकाकी मापातला फरक उठवून दाखवते. तेलकट रंगाच्या चित्रांवर मऊ ब्रशने गेरूची कोरडी पूड फिरवा आणि जास्तीची झटका. वरच्या थराच्या रंगात थोडा पांढरा मिसळा, लांबचं फिकटच दिसतं.

मांडणी झाली की उकिडवे बसून, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून मोबाइलने फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंग गेल्यावर चुकलेलं माप लगेच टोचतं.

पणतीची ज्योत दोन-तीन सेंटीमीटरची, म्हणजे बालेकिल्ल्यावरच्या मावळ्याच्या कमरेएवढी. पणत्या पायथ्याच्या पुढे, गोणपाट आणि भुशापासून हातभर दूर लावा. वर पिवळ्या दिव्यांची माळ टाका, बल्ब तटामागे दडवून, नुसता उजेड भिंतीवर पडेल असा.