ग्रंथपाल व्हायचंय? आधी बडोद्याचा बॉर्डन वाचा

बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, बॉर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल आम्ही एका ओळीत उरकला होता: बडोदे, १९११, भारतातला पहिला ग्रंथालय प्रशिक्षण वर्ग. परीक्षेपुरता तो तेवढाच.

नोकरी लागली तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयात. पहिलं वर्ष दाखलनोंद वही (नव्या पुस्तकांची नोंदवही) आणि वर्गांक (पुस्तकाचा विषय सांगणारा क्रमांक) यांतच गेलं. एकदा वस्तीवरच्या शाळेचे गुरुजी आले. मुलांसाठी महिनाभर वीस पुस्तकं द्याल का, म्हणाले. नियमाप्रमाणे सभासदाला दोनच. मी नाही म्हटलं. ते काही न बोलता गेले. ती गोष्ट अजून मनाला लागून आहे.

पुढे एका लग्नासाठी बडोद्याला गेले आणि मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात अर्धा दिवस काढला. लोखंडी मांडण्या, पायाखाली जाड काचेची जमीन. वरचा उजेड झिरपत खालच्या पुस्तकांपर्यंत पोचतो. इमारत बॉर्डननंतरची, १९३१ची. पण तिथून परतल्यावर मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचून काढलं.

विल्यम बॉर्डन अमेरिकेत न्यू हेवनला ग्रंथपाल होता. पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या पद्धती घडवणाऱ्या दोन अमेरिकन ग्रंथपालांशी त्याचा संबंध आला होता: कटरच्या हाताखाली त्याने काम केलं, ड्युईच्या ग्रंथपाल-शाळेत शिक्षक म्हणून शिकवलं. १९१०च्या अमेरिका दौऱ्यात सयाजीराव महाराजांनी त्याला हेरलं आणि संस्थानची ग्रंथालयं त्याच्या हाती सोपवली. राजवाड्यातली आपली वीसेक हजार पुस्तकंही दिली. बॉर्डनने ड्युई आणि कटर यांच्या पद्धती जुळवून बडोद्यासाठी वेगळं वर्गीकरण केलं, आणि १९१३ला तो परतलाही. जेमतेम तीन वर्षं!

मला त्याचं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. आल्याबरोबर त्याने इथल्या माणसांना शिकवायला घेतलं. 'लायब्ररी मिसेलनी' हे त्रैमासिक निघालं, त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. म्हणून तो गेल्यावर काम थांबलं नाही. जनार्दन सखाराम कुडाळकरांनी ते पुढे नेलं. आणि ती फिरती ग्रंथालयं! लाकडी पेटीत निवडक पुस्तकं भरायची, कुलूप लावायचं आणि गावोगाव धाडायची. वाहतुकीचा खर्च संस्थानाचा. प्राथमिक शिक्षण १९०६पासून संस्थानभर सक्तीचं झालं होतं. शाळा सुटल्यावर त्या मुलांनी वाचायचं काय, याचं उत्तर त्या पेटीत होतं.

पेटीबद्दल वाचलं तेव्हा गुरुजी आठवले. वस्तीवरच्या शाळेला अशी पेटी पाठवायचा ठराव वाचनालयाच्या कार्यकारी मंडळापुढे ठेवला. दोन बैठका वाद झाला, तिसरीत मंजूर.

नव्याने येणाऱ्यांनो, वर्गांक हाताला बसतात, त्यांची धास्ती नको. आधी महिनाभर देवघेवीच्या टेबलावर बसा आणि कोण काय मागून रिकाम्या हाताने गेलं, ते रोज वहीत टिपा. माझ्या वहीत अशी पहिली नोंद वस्तीवरच्या शाळेची आहे.

आमची पत्र्याची ट्रंक आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुधाच्या गाडीतून तिथे जाते. तुम्ही अशी पेटी सुरू केलीत तर यादी झाकणाला आतून चिकटवा, सुटी ठेवलीत की हरवते. आणि किल्ली गुरुजींकडेच राहू द्या.