यूकेत राहताय? मग महिन्याचं सेव्हिंग डेबिट कार्डने करा, बँकेचं रिवॉर्ड सोडू नका

इथे नवीन आलेलं कुठलंही मराठी कुटुंब भेटलं आणि पैशांचा विषय निघाला की मी ही एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण आम्हाला स्वतःला ती कळायला तीन वर्षं लागली आणि तेवढे दिवस बँकेच्या रिवॉर्डचे दर महिन्याचे पाच पाउंड आम्ही असेच सोडून दिले. पाच पाउंड म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण वर्षाचे ६० होतात, नवरा-बायको दोघांचे वेगळे अकाउंट असतील तर १२०, आणि त्यासाठी एक पेनीसुद्धा जास्तीची खर्च करायची नसते. तुलनाच करायची तर ५०० पाउंड ४ टक्के व्याजाने वर्षभर ठेवले तर २० पाउंड मिळतात.

आधी मुद्दा काय तो सांगते. इथल्या काही बँकांचे रिवॉर्डवाले करंट अकाउंट (म्हणजे पगार जमा होतो तो रोजच्या वापराचा अकाउंट) असतात, ठरलेली अट पूर्ण केली की ते दर महिन्याला काहीतरी बक्षीस देतात. सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे हॅलिफॅक्सचा रिवॉर्ड अकाउंट, त्याचा गेल्या काही वर्षांतला नियम असा की महिन्यात डेबिट कार्डने ५०० पाउंड खर्च करा किंवा रोज किमान ५,००० पाउंड शिल्लक ठेवा, मग महिन्याला ५ पाउंड किंवा सिनेमाचं तिकीट वगैरे घ्या, आणि महिन्यात १,५०० पाउंड अकाउंटमधे आले तर ३ पाउंडची फी माफ. इतर बँकांचे काही अकाउंट रक्कम न बघता व्यवहारांची संख्या मोजतात, म्हणजे महिन्यात कार्ड अमुक इतक्या वेळा वापरलं पाहिजे. हे नियम मधेमधे बदलत राहतात, आणि जुन्या ग्राहकाला एक नियम आणि नव्याला दुसरा असंही होतं, म्हणून अकाउंट उघडायच्या दिवशी बँकेच्या साइटवरचा ताजा नियम वाचाच.

आता अडचण कुठे येते बघा. आपल्यासारख्या घरात डेबिट कार्ड फारसं वापरलंच जात नाही. भाडं किंवा मॉर्गेज (घराचं कर्ज) स्टँडिंग ऑर्डर (आपण ठरवून दिलेली रक्कम बँक दर महिन्याला पाठवते) नाहीतर डायरेक्ट डेबिटने (समोरची कंपनीच आपल्या अकाउंटमधून पैसे काढून घेते) जातं, गॅस-लाइट, काउन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा कर), मोबाइल सगळं डायरेक्ट डेबिट, आणि मोठी खरेदी शहाणी माणसं क्रेडिट कार्डवर करतात कारण १०० पाउंडच्या वर आणि ३०,००० पर्यंतच्या वस्तूला १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या सेक्शन ७५ चं संरक्षण असतं, दुकान बुडालं तरी कार्ड कंपनीकडे पैसे मागता येतात, ते संरक्षण पाच पाउंडांसाठी अजिबात सोडू नका. मग डेबिट कार्डवर उरतं काय, तर दूध, ब्रेड, इंडियन दुकानातली कोथिंबीर आणि मेथी, असं करून ऐंशी-नव्वद पाउंड. ५०० कुठून होणार.

पण दर महिन्याला आपण सेव्हिंगमधे काहीतरी टाकतोच ना. पगार झाला की ॲप उघडायचं आणि ३००-४००-५०० दुसऱ्या बँकेच्या सेव्हिंगमधे ट्रान्सफर करायचे. तो ट्रान्सफर फास्टर पेमेंटने, म्हणजे थेट बँकेतून बँकेत जातो, त्याला बँक कार्डचा खर्च धरत नाही. तेच पैसे सेव्हिंगवाल्याच्या साइटवर जाऊन डेबिट कार्डचा नंबर घालून भरले तर ते व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या रस्त्याने जातात, आणि जिथे नियमात सेव्हिंग वगळलेलं नाही तिथे ते दुकानात कार्ड वापरल्यासारखेच मोजले जातात. जे सेव्हिंग करणारच होतात ते तेवढंच करायचं, फक्त पैसे जायचा रस्ता बदलायचा.

यात कोणाला फसवणं नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण आमच्या ह्यांना पहिल्यांदा तीच शंका आली होती. पण बँकेचा हिशोब समजून घ्या म्हणजे कुठे थांबायचं तेही कळेल. डिसेंबर २०१५ पासून इथे डेबिट कार्डच्या व्यवहारावर कार्ड देणाऱ्या बँकेला जास्तीत जास्त ०.२ टक्के इंटरचेंज, म्हणजे पैसे घेणाऱ्याच्या बाजूने येणारी फी, मिळतं. ५०० पाउंडवर ०.२ टक्के म्हणजे १ पाउंड. बँक १ पाउंड कमावून तुम्हाला ५ देते, ते का, तर तुमचा पगार तिच्याकडे यावा, तुम्ही तिचाच अकाउंट मुख्य म्हणून वापरावा आणि पुढे मॉर्गेज-लोन तिच्याकडूनच घ्यावं म्हणून. त्यामुळे पगाराचा अकाउंट तिथे ठेवून महिन्यातून एकदा ५०० सेव्हिंगला टाकणारा ग्राहक तिला चालतो, पण एक-एक पाउंडचे वीस व्यवहार एकाच संध्याकाळी करणारा माणूस तिच्या डोळ्यावर येतो. संख्या मोजणाऱ्या अकाउंटला हा उद्योग काही लोक करतात, मी करत नाही आणि तुम्हीही करू नका, अशा अकाउंटला रोजची छोटी खरेदी डेबिटवर वळवणं जास्त सोपं पडतं, आणि बँकेने अकाउंट बंद केला तर परदेशात ते निस्तरायला फार जड जातं.

सेव्हिंग अकाउंट असा शोधायचा की जो पैसे डेबिट कार्डने घेतो आणि कधीही काढू देतो. सगळे घेत नाहीत. रेग्युलर सेव्हरला, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकायच्या अकाउंटला, बहुतेक स्टँडिंग ऑर्डरच लागते. सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे एनएस अँड आय, म्हणजे सरकारी नॅशनल सेव्हिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट्स, आपल्याकडच्या पोस्टातल्या बचतीसारखंच समजा, आणि पैसे सगळेच्या सगळे ट्रेझरीच्या, म्हणजे सरकारी अर्थखात्याच्या हमीचे. त्यांचा डायरेक्ट सेव्हर १ पाउंडपासून उघडतो, ऑनलाइन डेबिट कार्डने पैसे टाकता येतात, क्रेडिट कार्ड चालत नाही, काढायला नोटीस द्यावी लागत नाही. व्याजाचा दर बाजारात सर्वात वरचा असतोच असं नाही, ते बघून घ्या.

त्यांचेच प्रीमियम बाँड पण डेबिट कार्डने घेता येतात, किमान २५ पाउंड, एका माणसाला जास्तीत जास्त ५०,०००. त्यावर व्याज नाही, दर महिन्याला सोडत असते आणि बक्षीस लागलं तर ते टॅक्स फ्री. बऱ्याच जणांना वाटतं की बाँड घेतले, रिवॉर्ड मिळालं, लगेच विकले आणि सोडतीतही नाव आलं. तसं होत नाही. बाँड घेतल्यावर मधे एक अख्खा कॅलेंडर महिना ते धरून ठेवावे लागतात, तेव्हा कुठे ते सोडतीत येतात, म्हणजे जूनमधे घेतले तर ऑगस्टच्या सोडतीत. पैसे आत-बाहेर फिरवणाऱ्याला बाँडचा उपयोग शून्य. पडून राहणारे पैसे असतील तर गोष्ट वेगळी.

अकाउंट उघडताना आपल्या लोकांना दोन ठिकाणी हमखास अडकायला होतं. एक म्हणजे नाव. आपलं पासपोर्टवर स्वतःचं नाव, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, आणि करंट अकाउंटला कुठेतरी मधलं नाव गाळलेलं, कुठेतरी आडनाव आधी आलेलं. पैसे परत येणार ते तुमच्याच नावाच्या अकाउंटला, म्हणून दोन्हीकडे नाव एकसारखं करून घ्या, आधी करा, पैसे अडकल्यावर नको. दुसरं म्हणजे ओळख पटणं. ऑनलाइन तपासणीत तुमचं नाव-पत्ता सापडला नाही तर कागदपत्रं पाठवत बसावं लागतं. यावर चांगला उपाय म्हणजे मतदार यादीत नाव घालणं. पुष्कळ जणांना माहीतच नसतं की भारत कॉमनवेल्थमधे असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर, वैध व्हिसा असला की, आपल्याला इथे मतदार म्हणून नाव नोंदवता येतं आणि मतही देता येतं. ऑनलाइन पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि क्रेडिट स्कोअरलाही मदत होते, आल्या आल्या पहिल्या आठवड्यात करून टाका.

आता प्रत्यक्ष पैसे टाकायचे. पहिल्या महिन्यात एकदम ५०० नका टाकू, आधी २५-३० टाका, ते पोचले का बघा, मग थोडे काढून करंटला परत येतात का तेही बघा, आणि बँकेच्या ॲपमधे रिवॉर्डचा मीटर असेल तर तो व्यवहार त्यात धरला गेलाय का हे तपासा. खरा पुरावा तो मीटर. कार्डने पैसे घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला किंवा कंपनीला एक चार आकडी कोड असतो, जुगारवाल्यांचा ७९९५, शेअर ब्रोकरचा ६२११, अशा कोडवरूनच बँक ठरवते की हा खर्च मोजायचा का नाही. तुम्ही त्याला सेव्हिंग म्हणता का खरेदी याला काही अर्थ नसतो. पैसे टाकताना फोन हाताशी ठेवा, बँकेच्या ॲपमधे मंजुरी द्यावी लागते, आणि नव्या ठिकाणी मोठी रक्कम जाताना दिसली की कधीकधी बँक थांबवून विचारते.

तारखेचं मात्र नीट लक्षात ठेवा, यात माझा स्वतःचा एक महिना गेलाय. ऑगस्टचा शेवटचा शनिवार, संध्याकाळी आठवलं आणि ५०० टाकले, ॲपमधे लगेच दिसले पण पेंडिंग म्हणून. रविवार गेला, सोमवारी बँक हॉलिडे, आणि व्यवहार पक्का झाला मंगळवारी, म्हणजे १ सप्टेंबरला. ऑगस्टचं रिवॉर्ड गेलं. बँकेला फोन केला तर त्यांनी शांतपणे टर्म्समधली ओळ वाचून दाखवली आणि त्यांचं बरोबरच होतं. तेव्हापासून मी पगाराच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा रिमाइंडर लावलाय, आणि तुमचा पगार महिनाअखेरीला होत असेल तर सरळ पुढच्या महिन्याची १ ते ५ तारीख धरा, म्हणजे हाताशी तीन आठवडे राहतात. आणि महिन्याचा एकूण खर्च बरोब्बर ५०० वर ठेवू नका, मधे एखादी वस्तू परत केली की रिफंड खर्चातून वजा होऊ शकतो आणि आकडा ४८२ वर येतो, म्हणून मी रोजच्या दूध-भाजीचा खर्च वरचा म्हणून सोडून देते आणि ५०० पूर्ण सेव्हिंगमधूनच करते.

पैसे परत काढायचे का? आमचे ५०० पैकी ३०० आम्ही तिथेच ठेवतो, ते खरं सेव्हिंग, आणि २०० दहाएक दिवसांनी काउन्सिल टॅक्स आणि कारच्या इन्शुरन्ससाठी परत करंटला आणतो. ज्यांना महिन्याला ५०० वाचवणं जमत नाही त्यांनाही हे करता येतं, पण मग एक काळजी घ्या, पैसे तिकडे असताना इकडे डायरेक्ट डेबिट आलं आणि अकाउंट ओव्हरड्राफ्टमधे, म्हणजे मायनसमधे गेला तर सगळं मुसळ केरात. इथे कितीतरी बँकांचं ओव्हरड्राफ्टचं व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या जवळपास आहे, आणि काही रिवॉर्ड अकाउंटला एक दिवस जरी मायनसमधे गेलात तरी त्या महिन्याचं रिवॉर्ड मिळत नाही. आधी महिन्याभराच्या डायरेक्ट डेबिटच्या तारखा एका कागदावर लिहा आणि मगच रक्कम ठरवा.

कॅश आयसामधे, म्हणजे ज्याच्या व्याजावर टॅक्स लागत नाही त्या सेव्हिंग अकाउंटमधे, मात्र हे आत-बाहेर कधीही करू नका. आयसाची वर्षाची मर्यादा २०,००० पाउंड आहे आणि आयसा फ्लेक्सिबल (काढलेले पैसे त्याच वर्षात परत टाकू देणारा) नसेल तर ५०० टाकून काढलेत की तेवढी मर्यादा वापरली गेली, परत मिळत नाही, बारा महिने केलंत तर ६,००० ची जागा फुकट गेली. आयसात जे जाईल ते तिथेच राहणारं असेल तरच कार्डने टाका.

टक्केवारीत कॅशबॅक देणारे जे अकाउंट आहेत, म्हणजे खर्चाच्या १ टक्का वगैरे, तिथे ही युक्ती सहसा चालत नाही, त्यांच्या नियमात सेव्हिंग, गुंतवणूक, परकीय चलन, वॉलेट भरणं हे बहुतेक वेळा स्पष्ट वगळलेलं असतं आणि ते योग्यच आहे, नाहीतर लोकांनी हजारो पाउंड फिरवले असते. ही युक्ती आहे ती ठरावीक रकमेच्या किंवा संख्येच्या अटीसाठी.

घरी आई-बाबांना पैसे पाठवणाऱ्यांसाठी अजून एक. पैसे पाठवणारे बरेच ॲप डेबिट कार्डने पैसे घेतात, आणि काही बँका तो खर्च मोजतात, काही नाही. पण कार्डने भरलं की फी किंवा दर थोडा वेगळा असू शकतो, तेव्हा शेवटच्या स्क्रीनवर भारतात नक्की किती रुपये पोचणार हा आकडा बँक ट्रान्सफर आणि कार्ड दोन्हीला काढून बघा. दोन पाउंड फी देऊन पाच पाउंड मिळवणं ठीक आहे, पण रिवॉर्डची अट आधीच सेव्हिंगने पूर्ण झाली असेल तर ते दोन पाउंड कशाला द्यायचे.

टॅक्सचं थोडक्यात, सेव्हिंगवरचं व्याज बेसिक रेटवाल्याला (इन्कम टॅक्सच्या खालच्या टप्प्यातल्याला) वर्षाला १,००० पाउंडपर्यंत आणि हायर रेटवाल्याला (त्याच्या वरच्या टप्प्यातल्याला) ५०० पर्यंत टॅक्स फ्री असतं. रिवॉर्डवर टॅक्स कसा लागतो ते प्रत्येक अकाउंटच्या टर्म्समधे दिलेलं असतं, ती एक ओळ शोधून वाचा.

आणि बँकेकडून टर्म्स बदलल्याचं ईमेल आलं की ते न वाचता डिलीट करू नका. महिन्याच्या सुरुवातीला रिवॉर्ड जमा झालं का हे स्टेटमेंटमधे बघायचं, सलग दोन महिने आलं नाही तर नियम बदललाय असं समजून चौकशी करायची, आणि सेव्हिंग वगळलं असेल तर त्या दिवसापासून पुन्हा साधा ट्रान्सफर सुरू करायचा, कारण मग कार्डने टाकण्यात काहीच फायदा उरत नाही आणि वर त्या अकाउंटची ३ पाउंड फी लागायला लागली असेल तर ती आधी बंद करायची.